सीएएच आणि त्यावरचं संशोधन: आईबाबा पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

माझ्या मुलीला सीएएच हा जन्मापासूनचा हार्मोनचा आजार आहे. निदान झालं की घाबरलेले आईबाबा कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन करतात, मेसेज करतात, आणि हल्ली गोळ्यांसोबत ट्रायल (नवीन औषध रुग्णांवर तपासून बघायचा अभ्यास), जीन थेरपी, अमेरिकेतली नवीन औषधं यांचेही प्रश्न खूप येतात, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. मी डॉक्टर नाही. डोस तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) लिहून दिला तोच खरा, इथले आकडे फक्त त्यांचं बोलणं नीट समजावं म्हणून आहेत.

१. सीएएच म्हणजे नक्की काय होतं बाळाला?

पूर्ण नाव कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया. दोन्ही किडन्यांच्या वर एकेक छोटी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, ती कॉर्टिसोल बनवते (आजारपणात, ताणात शरीराला तगवून धरणारं हार्मोन), अल्डोस्टेरॉन बनवते (मीठ शरीरात धरून ठेवणारं) आणि थोडे अँड्रोजन म्हणजे पुरुषी हार्मोन बनवते. सीएएचमध्ये कॉर्टिसोल बनवायला लागणारं एक एन्झाइम जन्मापासूनच कमी असतं किंवा नसतंच, दहातल्या नऊपेक्षा जास्त केसेसमध्ये ते २१-हायड्रॉक्सिलेज असतं. आता टाकी भरली नाही की मोटर चालूच राहते ना, तसं कॉर्टिसोल कमी दिसलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच (कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारं हार्मोन) सोडतच राहते, अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करून करून फुगते, आणि कॉर्टिसोलचा रस्ता बंद असल्यामुळे सगळा कच्चा माल अँड्रोजनकडे वळतो. म्हणजे एकाच वेळी एक हार्मोन कमी आणि दुसरं जास्त. पुढची सगळी भानगड आणि सगळं संशोधन या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून हे एकदा नीट समजून घ्या.

क्लासिक म्हणजे तीव्र सीएएच असलेल्या चारातल्या साधारण तीन मुलांमध्ये मीठही वाया जातं, त्याला सॉल्ट वेस्टिंग म्हणतात. सौम्य, उशिरा दिसणारा प्रकार वेगळा, तो प्रश्न १५ मध्ये आहे.

२. आमच्या दोघांच्याही घराण्यात कुणालाच नाही, मग आमच्याच बाळाला कसं?

कारण तुम्ही दोघं वाहक आहात आणि वाहकाला काहीच त्रास होत नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या कळत नाही. आईकडून एक आणि वडलांकडून एक असे दोन्ही सदोष जीन आले तरच आजार होतो, आणि दर गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के असते. पहिलं बाळ सीएएचचं झालं म्हणून पुढची तीन सुटली असं गणित नसतं, दर वेळी नव्याने २५ टक्के. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, तिथे एकाच आजोबा-आजीकडून आलेला तोच जीन नवराबायको दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. पण नात्यात लग्न नसलेल्या घरांतही सीएएच भरपूर दिसतो. गरोदरपणात काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाळलं नाही, याचा काडीचा संबंध नाही. सासरच्या कुणी सुनेला यावरून बोलत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा, जीन दोन्हीकडून आलाय.

३. मुलगी आहे की मुलगा हे डॉक्टर लगेच सांगेनात. बारसं करायचं का थांबायचं?

थोडं थांबा. मुलीच्या शरीरात गर्भात असतानाच अँड्रोजन वाढल्यामुळे तिचे बाहेरचे अवयव वेगळे दिसतात, क्लिटोरिस मोठं असतं, कधीकधी इतकं की मुलगाच समजतात. आत मात्र गर्भाशय आणि बीजांडकोश असतात आणि क्रोमोसोम एक्सएक्स. सोनोग्राफी, कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) आणि रक्तातलं १७-ओएचपी (२१-हायड्रॉक्सिलेज नसलं की साचणारा पदार्थ) यावरून चित्र स्पष्ट होतं. घाईत नाव आणि जन्मदाखला करून मग बदलत बसण्यापेक्षा पाहुण्यांना "बाळाची तब्येत जरा नाजूक आहे, नंतर कळवतो" एवढं सांगितलं तरी पुरतं.

बाहेरच्या अवयवांच्या ऑपरेशनबद्दल लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. लहानपणी ऑपरेशन झालेल्या मुलींचं मोठेपणी कसं होतं, यावरचे अभ्यास छोटे आहेत आणि ऑपरेशनच्या पद्धतीही मधल्या काळात बदलल्यात, त्यामुळे जाणकार डॉक्टरांमध्येही एकमत नाही. तामिळनाडूमध्ये तर २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या निकालानंतर इंटरसेक्स (जन्मतः लैंगिक अवयव वेगळे असलेल्या) बाळांवरच्या अशा ऑपरेशनवर, जिवाला धोका असेल तेवढं सोडून, बंदी आली. गोळ्या आधी, ऑपरेशनचा विचार नंतर, शांतपणे.

४. मुलगा असेल तर जन्मताना का कळत नाही?

कारण बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. बाळ घरी जातं, आणि एक ते तीन आठवड्यांचं झालं की दूध ओढेनासं होतं, उलट्या होतात, वजन वाढण्याऐवजी घटतं, सुस्त पडतं. जुलाब झाले असतील, दूध पचत नसेल, इन्फेक्शन असेल असं वाटतं. रक्तात सोडियम खाली आणि पोटॅशियम वर असं दिसलं की सीएएच डोक्यात आलाच पाहिजे. सॉल्ट वेस्टिंगची मुलं निदान न होताच दगावायची आणि आजही दगावतात, घरात "आधीचा मुलगा महिन्याच्या आत गेला" असा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा, न विचारता सांगा.

५. टाचेतून रक्त घेऊन जन्मताच तपासता येतं म्हणे, मग आमच्या बाळाचं का नाही केलं?

येतं, आणि ही तपासणी संशोधनातूनच आली. १९७७ मध्ये सोंग्या पांग आणि सहकाऱ्यांनी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून १७-ओएचपी मोजायची पद्धत मांडली आणि अलास्कातल्या युपिक लोकांमध्ये, जिथे हा आजार फार जास्त आहे, ती वापरून पाहिली. अमेरिकेत आता सगळ्या राज्यांत प्रत्येक बाळाची होते.

आपल्याकडे आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने) मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे १ लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, त्यात साधारण ५,७६२ बाळांमागे १ सीएएच आणि १,१३० मागे १ जन्मजात हायपोथायरॉइड सापडलं. जगात सीएएच साधारण १५ हजारांत १ धरतात, म्हणजे आपल्याकडे तो दुर्मिळ म्हणून सोडून द्यावा इतका दुर्मिळ नाहीये. गोवा सरकारने २००८ मध्येच नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता, केरळमध्येही काम झालंय, पण देशभर प्रत्येक बाळाची सक्तीने तपासणी अजून होत नाही. खाजगी हॉस्पिटलमध्ये मागितली तर बहुतेक ठिकाणी पैसे भरून होते. हे सांगताना मला दर वेळी राग येतो, कारण एका थेंबात वाचणारी बाळं आहेत ही. तुमच्या ओळखीत कुणी गरोदर असेल तर तिला आत्ताच सांगा की डिलिव्हरीच्या आधीच या टेस्टबद्दल विचारून ठेव.

६. स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे सीएएच आहेच का?

नाही. वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या किंवा आजारी बाळांमध्ये १७-ओएचपी तसंही वाढलेलं असतं. जन्मानंतर पहिल्या दिवसातच रक्त घेतलं तरी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. पुन्हा टेस्ट करतात, सोडियम-पोटॅशियम बघतात, लागलं तर एसीटीएच इंजेक्शन देऊन तपासतात. पण रिपोर्ट येईपर्यंत बाळ सुस्त झालं किंवा उलट्या सुरू झाल्या तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

७. गोळ्या किती वर्षं? आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीने सुटतील का?

क्लासिक सीएएचमध्ये आयुष्यभर. शरीर जे बनवू शकत नाही ते आपण बाहेरून देतोय, म्हणून "स्टिरॉइड" शब्दाला घाबरू नका, दम्याला किंवा सांधेदुखीला देतात ते मोठे डोस वेगळे. वाढत्या मुलांना हायड्रोकॉर्टिसोन देतात, साधारण १० ते १५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर रोज, तीन वेळांत वाटून. मीठ जात असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि अंगावरच्या बाळाला रोज १-२ ग्रॅम मीठसुद्धा, तेही मोजून.

दुसरं कुठलंही औषध सुरू करायचं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, पण हायड्रोकॉर्टिसोन बंद करून कुठलंही औषध नाही. कुणी "महिनाभर गोळी बंद करून बघा" म्हणालं तर त्या दारात परत जाऊ नका. गोळी अचानक थांबली तर मूल काही दिवसांत, आजारी असेल तर काही तासांत, क्रायसिसमध्ये (कॉर्टिसोल नसल्यामुळे जिवावर बेतणाऱ्या अवस्थेत) जाऊ शकतं.

८. ताप आला, उलटी झाली तर काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा लांब लिहितेय. निरोगी माणूस आजारी पडला की त्याचं शरीर आपोआप कॉर्टिसोल वाढवतं, आपल्या मुलांचं वाढवू शकत नाही, ते काम आईबाबांनी करायचं. साधारणपणे १०१ च्या वर ताप गेला की रोजचा हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट ते तिप्पट, आणि तो दिवसभरात जास्त वेळा विभागून, ताप उतरला की परत नेहमीवर. फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवायची गरज नसते. सोबत साखर-मिठाचं पाणी, पेज, काहीतरी पोटात जात राहू दे, उपाशी ठेवायचं नाही कारण साखर खाली जाते. (त्यामुळे लहान मुलांना उपास नकोतच, आजीचा कितीही आग्रह असला तरी.)

गोळी घेतल्यावर तासाभराच्या आत उलटी झाली तर एकदा परत द्या. परत उलटली, किंवा मूल झोपाळलेलं, गार, फिकट वाटलं, की इंजेक्शन: ३ वर्षांपर्यंत २५ मिग्रॅ, ३ ते १२ वर्षं ५० मिग्रॅ, त्यापुढे १०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन, मांडीत. आणि मग हॉस्पिटल. आधी इंजेक्शन, मग गाडी, हा क्रम पाठ करा. इंजेक्शन कसं भरायचं आणि द्यायचं हे क्लिनिकमध्ये नर्सकडून हाताने शिकून घ्या, व्हिडिओ बघून समाधान मानू नका, आणि आजी-आजोबा, शाळेतल्या बाई यांच्यापैकी एकाला तरी शिकवा.

परीक्षेचं टेन्शन, साधी सर्दी, खेळाचा तास यासाठी डोस वाढवायचा नसतो. उगाच वाढवत राहिलात तर प्रश्न ९ मधले त्रास सुरू होतात. भूल देऊन ऑपरेशन, हाड मोडणं, मोठा अपघात यात मात्र वाढीव डोस लागतोच, आणि कॅज्युअल्टीमध्ये ड्युटीवरच्या डॉक्टरांना हा आजार नेहमी माहीत असेलच असं नाही, म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या लेटरहेडवर आणीबाणीची चिठ्ठी लिहून घ्या. एक फोटो मोबाईलमध्ये, एक प्रत दप्तरात.

९. औषध तर आहेच की, मग आणखी संशोधन कशाला?

१९५० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन ही मुलं सुधारतात हे दाखवलं, आणि तेव्हापासून ही मुलं जगायला लागली. पण जगणं आणि नीट जगणं यात अंतर राहिलंय. कॉर्टिसोलची कमी भरून काढायला जेवढा डोस लागतो तेवढ्याने अँड्रोजन खाली येत नाहीत, ते दाबायला जास्त स्टिरॉइड द्यावं लागतं. कमी दिलं तर हाडं लवकर पिकतात, मूल वर्गात आधी सगळ्यात उंच आणि शेवटी सगळ्यात बुटकं होतं, मुलींना चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते. जास्त दिलं तर वजन वाढतं, उंची खुंटते, बीपी, साखर, हाडं ठिसूळ. डॉक्टर दर तीन महिन्यांनी रक्त, उंची आणि डोस यांच्यात जी कसरत करतात ती हीच.

ब्रिटनमध्ये १७ सेंटरमधल्या २०३ मोठ्या रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात ४१ टक्के जण लठ्ठ होते, ४० टक्के जणांची हाडं विरळ व्हायला लागली होती. आणि ही स्पेशल सेंटरला जाणारी माणसं होती हं. तेव्हा, औषध आहे म्हणून प्रश्न सुटला असं नाही, आणि हे ज्यांनी शांतपणे मोजून दाखवलं त्यांच्यामुळेच पुढची औषधं शोधायला पैसा आणि माणसं लागली.

दुसरी अडचण वेळेची. निरोगी शरीरात कॉर्टिसोल पहाटे चढायला लागतं, आपली रात्रीची गोळी तोवर संपलेली असते, म्हणून सकाळचं १७-ओएचपी भरमसाट येतं आणि आईला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तिसरी, तान्ह्या बाळाला १-२ मिग्रॅ द्यायला गोळीचे तुकडे करा, पूड करा, त्यात कमी-जास्त होतंच. या तिसऱ्यावर युरोपात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत २०२० मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे अर्धा मिग्रॅपासूनचे दाणे मंजूर झाले, कॅप्सूल उघडून चमच्यातून द्यायचे.

१०. अमेरिकेत नवीन गोळी आलीय म्हणे, ती घेतली की स्टिरॉइड बंद?

बंद नाही, कमी. नाव क्रिनेसरफॉन्ट, औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १३ डिसेंबर २०२४ ला मंजूर केली, ४ वर्षं आणि पुढच्या क्लासिक सीएएच रुग्णांसाठी, स्टिरॉइडच्या जोडीने. प्रश्न १ मधली मोटर आठवा, ही गोळी मोटरचं बटण दाबणारा मेंदूतला सिग्नल अडवते, त्यामुळे एसीटीएच कमी सुटतं, अँड्रोजन कमी बनतात, आणि मग अँड्रोजन दाबण्यापुरतं दिलेलं जादाचं स्टिरॉइड काढून घेता येतं. कॉर्टिसोल मात्र ती बनवत नाही, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन लागणारच आणि आजारपणाचे नियमही तेच. गंमत म्हणजे या जातीच्या औषधांवर आधी डिप्रेशनसाठी बरंच काम झालं होतं, तिथे फायदा दिसला नाही आणि इथे कामी आली.

आकडे सांगते, कारण फॉरवर्डमध्ये "चमत्कार" असं येतं. मोठ्यांच्या ट्रायलमध्ये १८२ जण होते, २४ आठवडे. औषधवाल्यांचा स्टिरॉइडचा डोस सरासरी २७ टक्के कमी झाला, प्लासिबोवाल्यांचा (ज्यांना औषधासारखी दिसणारी नुसती गोळी दिली त्यांचा) १० टक्के, आणि अँड्रोजन नीट राखून शरीराच्या नैसर्गिक गरजेइतक्या डोसपर्यंत पोचले ते ६३ टक्के विरुद्ध १८ टक्के. मुलांच्या ट्रायलमध्ये १०३ मुलं, २८ आठवडे, डोस १८ टक्के कमी झाला तर प्लासिबोमध्ये साडेपाच टक्के वाढला. माझ्या मते हे खरंच मोठं पाऊल आहे, पण शेवटची उंची वाढते का, पुढच्या वीस वर्षांत हाडं आणि वजन सुधारतं का, हे २८ आठवड्यांत कळत नाही, ती मुलं मोठी होतील तेव्हाच कळेल.

११. जीन थेरपी कधी येणार? आम्ही तोवर थांबतोय.

थांबू नका, आजचे उपचार आज नीट करा. एका जीन थेरपीची, बीबीपी-६३१ नाव होतं, मोठ्या रुग्णांवर ट्रायल झाली. निरुपद्रवी व्हायरसमधून चांगला जीन अ‍ॅड्रिनलपर्यंत पोचवायचा अशी कल्पना. काही रुग्णांचं शरीर स्वतःचं कॉर्टिसोल थोडं बनवायला लागलं, पण पुरेसं नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते काम थांबवल्याचं जाहीर केलं. एक मूळ अडचण अशी की अ‍ॅड्रिनलच्या पेशी सतत नव्या येत असतात, जुन्या पेशीत घातलेला जीन तिच्याबरोबरच निघून जातो.

१२. ट्रायल फेल झाली म्हणजे औषध वाईट असतं का?

दर वेळी नाही. क्रिनेसरफॉन्टच्याच जातीचं टिल्डासरफॉन्ट २०२४ मध्ये मुख्य कसोटीवर उतरलं नाही, ते तिथेच मागे पडलं. पण रात्री घेऊन पहाटे कॉर्टिसोल सोडणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोन कॅप्सूलची गोष्ट वेगळी. १२२ मोठ्या रुग्णांच्या ट्रायलमध्ये तीही मुख्य कसोटीवर नापास झाली, कारण २४ तासांची सरासरी धरली होती, पण सकाळचे आकडे बघितले तर कंट्रोल चांगला होता, नंतर पुढे चालू ठेवलेल्यांमध्ये डोसही कमी झाला. युरोपने २०२१ मध्ये १२ वर्षांपुढच्यांसाठी ती मंजूर केली. म्हणून बातमीत "फेल" वाचलं की विचारा, काय मोजलं होतं?

१३. ट्रायलमध्ये घातलं आणि आमच्याच मुलाला प्लासिबो मिळालं तर? औषधाविना राहील का?

सीएएचच्या ट्रायलमध्ये प्लासिबो म्हणजे नुसती नव्या औषधासारखी दिसणारी गोळी, आणि ती नेहमीच्या स्टिरॉइडच्या *वर* देतात. हायड्रोकॉर्टिसोन कुणाचंच काढत नाहीत, काढणारी ट्रायल कुठलीही एथिक्स कमिटी पास करणार नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर उठून या. क्रिनेसरफॉन्टच्या दोन्ही ट्रायलमध्ये ठरलेले आठवडे संपल्यावर प्लासिबोवाल्यांनाही खरं औषध मिळायची सोय होती. ही सोय तुमच्या ट्रायलमध्ये आहे का, ते सहीच्या आधी विचारायचं.

१४. सही करायच्या आधी काय बघायचं? नंतर मागे फिरता येतं का?

कधीही मागे फिरता येतं, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. भारतात २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम लागू आहेत. माहितीपत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं, मराठीत मागा आणि घरी न्या, तिथल्या तिथे सही करायची घाई कुणी करत असेल तर तेवढंच पुरेसं कारण आहे नको म्हणायला. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, हे नियमात आहे. ७ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते, ७ ते १२ तोंडी, १२ ते १८ लेखी. मला हा नियम फार आवडतो, कारण सुई मुलाला टोचणार असते.

ट्रायल खरी आहे का हे सीटीआरआयवर बघा, ही आयसीएमआरची ट्रायल नोंदवही, २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे. कुणीही फुकट शोधू शकतं. नंबर देत नाहीत तर सही नाही. आणि पैसे मागत असतील तर ती ट्रायल नव्हेच, तपासलं जाणारं औषध रुग्णाला विकत नाहीत.

मग हे विचारा: रक्त किती वेळा आणि किती घेणार, रात्री ॲडमिट राहावं लागेल का, गावाहून यायचा खर्च कोण देणार, शाळा किती बुडेल, ताप आला तर रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, आणि ट्रायल संपल्यावर औषधाने फायदा होत असेल तर पुढे मिळणार का.

१५. मुलीला पीसीओडी सांगितलंय पण १७-ओएचपी वाढलेलं आलं. हे तेच आहे का?

असू शकतं, याला नॉन-क्लासिक सीएएच म्हणतात. एन्झाइम थोडं चालू असतं, मीठ जात नाही, जन्मताना काही दिसत नाही, वयात येताना केस, पिंपल्स, अनियमित पाळी, आणि हे सगळं पीसीओडीसारखंच. रक्त पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी लवकर घ्यायचं, तेव्हा २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर एसीटीएच टेस्ट करतात आणि त्यात १,०००च्या वर गेलं तर निदान पक्कं. दुपारी किंवा पुढची पाळी यायच्या आधीच्या दिवसांत घेतलेल्या एका रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. सगळ्यांना स्टिरॉइड लागतं असंही नाही, त्रास नसेल तर काहीच देत नाहीत. प्रश्न ८ मधले नियम यांना सरसकट लागू नाहीत, ते डॉक्टर कॉर्टिसोल बघून ठरवतात.

१६. दुसऱ्या वेळी दिवस गेलेत. गरोदरपणातच गोळी देऊन मुलीला वाचवता येतं असं ऐकलं.

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये आईला डेक्सामेथासोन देऊन गर्भातल्या मुलीचे अवयव बदलण्यापासून थांबवायचा प्रयत्न पहिल्यांदा मांडला गेला. पण अवयव सहाव्या-सातव्या आठवड्यापासून घडायला लागतात, म्हणजे गोळी तेव्हाच सुरू करावी लागते, बाळाला आजार आहे की नाही आणि मुलगी आहे की नाही हे कळायच्या आधी. फायदा फक्त आजार असलेल्या मुलीला, म्हणजे आठात एक. बाकी सात बाळांना जोरदार स्टिरॉइड विनाकारण. स्वीडनमध्ये अशा मुलांच्या पुढच्या विकासाबद्दल काळजीचे निष्कर्ष आल्यावर त्यांनी नवीन महिलांना घेणं थांबवलं. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही हे प्रायोगिकच मानतात, एथिक्स कमिटीने पास केलेल्या अभ्यासाबाहेर देऊ नका म्हणतात. आणि आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे.

मी आई म्हणून सांगते, मोह समजतो. पण ही गोळी गर्भातल्या मुलीचा आजार बरा करत नाही, जन्मानंतर तिला गोळ्या लागणारच. त्यापेक्षा पहिल्या मुलाची जीन टेस्ट दिवस जाण्याआधीच करून ठेवा, अकराव्या आठवड्याच्या आसपास सीव्हीएसने (वारेचा छोटा नमुना तपासून) निदान होऊ शकतं, आणि काहीच नको असेल तर डिलिव्हरी अशा ठिकाणी करा जिथे पहिल्याच दिवसापासून तयारी असेल.

१७. जीन टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे सीएएच नाही ना?

रक्ताचे रिपोर्ट स्पष्ट असतील तर फक्त जीन रिपोर्टवर गोळ्या बंद करू नका. सीवायपी२१ए२ या जीनच्या शेजारीच त्याच्यासारखाच दिसणारा पण काम न करणारा खोटा जीन आहे, आणि साधी पॅनेल टेस्ट दोघांत गोंधळते. लॅबला विचारा की या जीनसाठी वेगळी पद्धत वापरली का, आणि मोठा तुकडा गळालाय का हे बघायची एमएलपीए केली का. आईवडिलांचे नमुने सोबत दिले तर अर्थ नीट लागतो. शिवाय दहातल्या एखाद्या केसमध्ये एन्झाइमच दुसरं असतं, तिथे जीनही दुसरा.

१८. आम्हाला फक्त रक्ताचा नमुना आणि माहिती मागितलीय, औषध नाही. द्यावी का?

मी तरी देईन. दुर्मिळ आजारात एका हॉस्पिटलकडे रुग्णच पुरेसे नसतात, म्हणून रजिस्ट्री (अनेक हॉस्पिटलांतल्या रुग्णांची एकत्र नोंद) लागते, ग्लासगोहून चालणारी आंतरराष्ट्रीय आय-सीएएच रजिस्ट्री तशी आहे, आणि अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेमध्ये तर हीच मुलं मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं बघत आलेत. नाव काढून टाकतात का, नमुना परदेशी जाणार का, पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असतील तर परत विचारणार का, एवढं लेखी घ्या. फोटो, विशेषतः अवयवांचे, यासाठी वेगळी संमती असते आणि तिला बिनधास्त नाही म्हणा.

१९. मुलाच्या वृषणात गाठी निघाल्या, कॅन्सर आहे का?

सीएएचच्या मुलांमध्ये बहुतेक वेळा या अ‍ॅड्रिनलसारख्या पेशींच्या गाठी असतात, कॅन्सर नसतो. एसीटीएच वाढलेलं राहिलं, म्हणजे गोळ्या चुकत राहिल्या, की त्या वाढतात, आणि कंट्रोल नीट झाला की बऱ्याचदा लहान होतात. पण पुढे मूल होण्यावर परिणाम करू शकतात, म्हणून वयात आल्यावर अधूनमधून सोनोग्राफी करतात. सर्जनला सीएएच आहे हे सांगितल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका, न कळल्यामुळे चांगलं वृषण काढून टाकल्याच्या केसेस छापून आल्यात.

२०. थायरॉइडही कमी निघालंय, दोन्ही गोळ्या एकदम सुरू करायच्या का?

क्रम महत्त्वाचा आहे. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉक्सिन सुरू केलं तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसोलही भराभर संपवतं आणि क्रायसिस येऊ शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, ते बसलं की थायरॉक्सिन. थायरॉइड दुसऱ्या डॉक्टरांनी पकडलं असेल तर त्यांना सीएएच आहे आणि हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, फाइल पुढे करा. उपचार न झालेल्या अ‍ॅड्रिनलच्या कमतरतेत टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीत मोजतात ते हार्मोन) नुसतंच थोडं वाढलेलं दिसतं आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर आपोआप खाली येतं, त्यामुळे निदान नवीन असेल तर काही आठवड्यांनी टीएसएच परत तपासायचं का हेही विचारा. तान्ह्या बाळाचं जन्मजात हायपोथायरॉइड असेल तर मात्र असं आठवडे थांबायचं नसतं, मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते, तिथे दोन्ही औषधं काही तासांच्या किंवा दिवसांच्या अंतराने हॉस्पिटलमध्येच सुरू करतात.